दूध उकळले, पण बुरशीचे विष गेले का?

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी माझ्या शनिवार पेठेतील दवाखान्यात एक तरुण आई अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी किरकिरी झाली होती, भूक मंदावली होती. वजन केले तर तीन महिन्यांपूर्वीच्या नोंदीपेक्षा पाऊण किलोने कमी भरले. या वयात वजन वाढायला हवे. ते नुसते थांबले तरी डॉक्टरने कान टवकारावेत, इथे तर ते उतरले होते. ताप नाही, जुलाब नाहीत, खोकला नाही. म्हणून खाण्यापिण्याची चौकशी सुरू केली.

"दूध किती पिते?"

"दूध बंद केलंय डॉक्टर. दोन महिने झाले."

"का बरं? पचत नव्हतं का?"

"पचत होतं. पण दुधात बुरशीचं विष असतं आणि त्यानं लिव्हरचा कॅन्सर होतो, असं मोबाईलवर आलं होतं. मी दूध अर्धा तास उकळायचे. मग कळलं की उकळूनही ते जात नाही. मग बंदच केलं. आता चहा-बिस्किट देते."

मी क्षणभर गप्प बसलो. कारण ही बाई जे सांगत होती त्यातला निम्मा भाग अगदी खरा होता. दुधात बुरशीचे विष येऊ शकते, हे खरे. ते उकळून जात नाही, हेही खरे. चुकला होता तो त्यावरचा उपाय, आणि त्याची किंमत ती लहान मुलगी वजनाने मोजत होती.

वाचकहो, माझाही यात थोडा दोष आहे. दुधाबद्दल कोणी काही विचारले की "चांगले उकळून घ्या, काही होत नाही" असे मी पंचवीस वर्षे सांगत आलो. रोगजंतूंच्या बाबतीत हे उत्तर बरोबर आहे, बुरशीच्या विषाच्या बाबतीत नाही. तेव्हा आजच्या लेखात हा विषय मुळापासून पाहू.

टर्की पक्ष्यांचा अज्ञात रोग

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की या कोंबडीवर्गीय पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले पटापट मेली. कारण समजेना, म्हणून त्या रोगाला 'टर्की एक्स' असे नाव पडले. शोध घेता घेता संशय खाद्यावर आला. त्यात ब्राझीलहून आणलेली शेंगदाण्याची पेंड होती, आणि त्या पेंडीवर 'अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस' नावाची हिरवट-पिवळी बुरशी वाढलेली होती. बुरशीने तयार केलेल्या विषाला तिच्याच नावावरून 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव मिळाले.

याचे मुख्य प्रकार चार. अतिनील किरणांखाली निळे चमकणारे बी-१ व बी-२, आणि हिरवे चमकणारे जी-१ व जी-२. यांपैकी बी-१ सर्वांत घातक. पुढे त्याच दशकात असे दिसून आले की विषारी पेंड खाणाऱ्या गाईंचे दूध बदकाच्या पिल्लांना दिले तर त्यांच्या यकृतातही तशीच इजा होते. म्हणजे विष गाईच्या पोटातून दुधात उतरत होते. दुधात सापडणाऱ्या या प्रकाराला 'एम-१' म्हणतात. एम म्हणजे मिल्क, दूध.

आपल्या देशात या विषाने माणसे दगावल्याची नोंद आहे. १९७४ च्या पावसाळ्याअखेर राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत दीडशेहून अधिक खेड्यांमध्ये काविळीची विचित्र साथ आली. काविळीपाठोपाठ पोटात पाणी भरे. सुमारे चारशे माणसे आजारी पडली आणि त्यांपैकी शंभरावर मरण पावली. घरातली कुत्रीही तशीच मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कारण सापडले ते मक्यात. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, कणसे भिजली, तशीच साठवली गेली, आणि गरिबांच्या घरी दुसरे धान्य नसल्याने तोच बुरशीचा मका रोज खाल्ला गेला.

ही तीव्र विषबाधा होय. दुधातून अशी साथ येत नाही, कारण दुधात उतरणारे प्रमाण फारच कमी असते. दुधाच्या बाबतीत प्रश्न आहे तो थोडे थोडे, पण वर्षानुवर्षे पोटात जाण्याचा.

गोठ्यातून पेल्यात

ही वाट समजून घेतली की पुढचे सगळे सोपे होते.

गाई-म्हशीला आपण वैरण देतो आणि वर आंबोण देतो. आंबोणात सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका भरडा, चुणी, भुसा असे जिन्नस असतात. शेंगदाण्याचे तेल काढले की बुरशीचे विष बहुतांशी पेंडीत राहते, तेलात थोडेच जाते. शिवाय माणसाने खाण्यासाठी दाणे निवडताना बाजूला काढलेले काळे, सुरकुतलेले, फुटके दाणे पुष्कळदा घाण्यावर जातात. माणसाच्या ताटातून काढलेले विष अशा रीतीने पेंडीमार्फत जनावराच्या घमेल्यात पोचते.

जनावराने ते खाल्ले की यकृत त्यातील बी-१ चे रूपांतर एम-१ मध्ये करते आणि ते दुधावाटे बाहेर पडू लागते. वाईट आंबोण खाल्ल्यापासून १२ ते २४ तासांतच ते दुधात दिसते. चांगली गोष्ट अशी की आंबोण बदलले की तीन-चार दिवसांत ते दुधातून जवळजवळ नाहीसे होते.

सगळेच विष दुधात येत नाही. खाल्लेल्या बी-१ च्या शंभर भागांपैकी साधारण एक ते दोन भाग एम-१ च्या रूपाने दुधात उतरतात. भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईंमध्ये हे प्रमाण सहा भागांपर्यंतही जाते.

आता एक साधा हिशेब करू. आपल्या देशात भारतीय मानक ब्यूरोने पशुखाद्यात किलोमागे २० मायक्रोग्रॅम बी-१ ही कमाल मर्यादा ठरवली आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दिवसाला १० लिटर दूध देणारी गाय असे पाच किलो आंबोण खाते, तेव्हा तिच्या पोटात १०० मायक्रोग्रॅम बी-१ जाते. त्याचे दोन टक्के म्हणजे २ मायक्रोग्रॅम दुधात आले, तर लिटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम होतात. दुधासाठी भारतात मर्यादा आहे किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. म्हणजे हे दूध मर्यादेच्या आत बसले. पण पेंड ओल धरून बिघडली आणि आंबोणातले विष पाचपट, म्हणजे किलोमागे १०० झाले, तर त्याच गाईच्या दुधात लिटरमागे १ मायक्रोग्रॅम येईल. मर्यादेच्या दुप्पट! गाय तीच, गवळी तोच, चरवी तितकीच स्वच्छ. बदलले ते फक्त पोत्यातले खाद्य.

०.५ मायक्रोग्रॅम म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर दूध घेतले आणि त्या सर्वांत मिळून फक्त एक ग्रॅम विष मिसळले, तर हे प्रमाण होते. अमेरिकेतही मर्यादा हीच आहे. युरोपात मात्र ती याच्या एक दशांश, म्हणजे ०.०५ आहे.

भारतातील पाहणी काय सांगते?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली मे ते ऑक्टोबर या काळात देशभरातील दुधाची मोठी पाहणी केली. पन्नास हजारांवर लोकवस्ती असलेल्या ११०३ शहरांमधून ६४३२ नमुने घेतले. त्यात आपला महाराष्ट्रही होता. निष्कर्ष ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर झाले.

आपल्याला दुधाची भीती वाटते ती युरिया, डिटर्जंट अशा भेसळीची. पण ६४३२ नमुन्यांपैकी आरोग्याला घातक अशी भेसळ निघाली ती अवघ्या १२ नमुन्यांत. प्रतिजैविक औषधांचे अंश मर्यादेबाहेर होते ७७ नमुन्यांत. आणि अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेबाहेर निघाले ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के. साधारण सतरा-अठरा नमुन्यांमागे एक. तमिळनाडू, दिल्ली आणि केरळ येथे असे नमुने जास्त होते. शिवाय सुट्या कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात हे प्रमाण अधिक आढळले.

या आकड्यांची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. याच पाहणीत सुमारे ९३ टक्के नमुने पिण्यास सुरक्षित ठरले. म्हणजे घबराट करण्याचे कारण नाही आणि डोळेझाक करण्याचेही नाही.

हा केवळ आपल्याकडचा प्रश्न आहे असेही समजू नये. २०१२ साली आग्नेय युरोपात कडक दुष्काळ पडला. दुष्काळाने पिचलेल्या मक्यावर ही बुरशी उभ्या पिकातच चढते. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, सर्बियासह अनेक देशांच्या दुधात एम-१ मर्यादेबाहेर निघाले आणि सर्बियाहून आलेला हजारो टन मका जर्मनीतील पशुखाद्यात सापडला. सर्बियाच्या सरकारने तर त्या वेळी दुधातील मर्यादाच ०.०५ वरून ०.५ केली. सांगायचा मुद्दा असा की अवर्षण असो वा अवकाळी पाऊस, हवामान बिघडले की ही बुरशी माजते. आपल्याकडे हल्ली दोन्ही वाट्याला येतात.

शरीरावर काय परिणाम होतो?

अफ्लाटॉक्सिनचे लक्ष्य म्हणजे यकृत. बी-१ यकृतात गेले की त्याचे एक अतिशय क्रियाशील रूप बनते आणि ते पेशीतील गुणसूत्रांच्या द्रव्याला, म्हणजे डीएनएला, चिकटते. वर्षानुवर्षे असे होत राहिले तर एखादी पेशी बिघडून कर्करोगाची सुरुवात होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. तंबाखूही याच गटात आहे.

मात्र दुधातले एम-१ हे बी-१ पेक्षा सौम्य आहे. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००१ साली याचा हिशेब मांडला. एम-१ ची कर्करोग करण्याची शक्ती बी-१ च्या सुमारे एक दशांश धरली, आणि ०.०५ व ०.५ या दोन मर्यादांमुळे पडणारा धोक्यातला फरक फारच थोडा आहे, असा निष्कर्ष काढला.

मग काळजी कोणाची? पहिली, लहान मुलांची. त्यांचे वजन कमी आणि दूध जास्त. दहा किलोच्या मुलाने अर्धा लिटर दूध घेतले, तर किलोमागे त्याच्या वाट्याला येणारे विष साठ किलोच्या माणसाने तेवढेच दूध प्यायल्यापेक्षा सहापट असते. दुसरी, ज्यांच्या यकृतात आधीच हिपॅटायटिस बी चा विषाणू ठाण मांडून बसला आहे अशांची. चीनमधील शांघाय येथील अभ्यासात असे दिसले की ज्यांच्या शरीरात अफ्लाटॉक्सिनही होते आणि हिपॅटायटिस बी चा संसर्गही होता, त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका दोन्ही नसलेल्यांपेक्षा सुमारे ६० पट होता. दोघे एकत्र आले की धोक्याची नुसती बेरीज होत नाही, तो कित्येक पटींनी वाढतो. या मुद्द्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे, कारण त्यावर आपल्या हातात हमखास उपाय आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दूध उकळून किंवा पाश्चरायझेशनने हे विष जाते का? नाही. हे विष जंतूसारखे सजीव नाही. ते एक रसायन आहे आणि उकळत्या दुधाची उष्णता ते सहज सोसते. मग उकळणे सोडायचे का? मुळीच नाही. क्षय, विषमज्वर, ब्रुसेलोसिस यांचे जंतू उकळण्यानेच मरतात. सुटे दूध उकळल्याशिवाय पिऊ नयेच. मात्र अर्धा-अर्धा तास आटवण्यात अर्थ नाही. त्याने पाणी उडून जाते, विष मागे तेवढेच राहते.

पिशवीचे घ्यावे की गवळ्याचे? पाहणीत प्रक्रिया केलेल्या दुधातही विष आढळले, तेव्हा पिशवी म्हणजे हमी असे नाही. मोठ्या संघाच्या दुधात अनेक गोठ्यांचे दूध मिसळते, त्यामुळे एखाद्या गोठ्यातले विष विरळ होते. पण एका भागातले खाद्यच बिघडले असेल तर मिसळूनही फायदा नाही. संघाजवळ तपासणीची सोय असू शकते, एकट्या गवळ्याजवळ ती नसते. उलट ओळखीच्या गवळ्याला तुम्ही "पेंड कुठे ठेवता?" असे विचारू शकता. दोन्हीकडे आपल्या बाजूने गुण-दोष आहेत.

घरी तपासता येते का? नाही. आयोडीन टाकून पिष्टाची भेसळ कळते, पण अफ्लाटॉक्सिनला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्यासाठी प्रयोगशाळा किंवा दूध संकलन केंद्रात वापरायच्या खास पट्ट्या लागतात.

दही, पनीर, तूप यांचे काय? हे विष दुधातील केसीन या प्रथिनाला धरून राहते. त्यामुळे चीज व पनीर यांत त्याची तीव्रता दुधापेक्षा वाढते आणि लोणी-तुपात ती फार कमी असते. दही-ताकात ते बरेचसे टिकून राहते. पण पनीर आपण रोज पावशेर खात नाही, तेव्हा एवढ्यावरून ते वर्ज्य करायला नको.

आईच्या दुधात येते का? आईने दूषित दाणे, मका असे काही खाल्ले तर अल्प प्रमाणात येते. तरीही पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचेच दूध द्यावे, याबद्दल दुमत नाही. काळजी घ्यायची ती आईच्या ताटाची.

यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी का? नुसत्या या भीतीपोटी नको. अशा अल्प प्रमाणाचा परिणाम त्या तपासणीत दिसत नाही. निष्कारण खर्च होतो आणि खोटा दिलासा मिळतो.

गोठ्यात काय करावे?

आपल्या वाचकांत दूध पिणारे आहेत तसे दूध घालणारेही पुष्कळ आहेत. बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर, जुन्नर इकडच्या अनेक घरांचा महिना दुधाच्या पगारावर चालतो. मी जनावरांचा डॉक्टर नाही. पण विषाची वाट गोठ्यातून जात असल्याने काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

बुरशीला दोन गोष्टी लागतात, ओल आणि ऊब. पेंडीची पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवली की दोन्ही मिळतात. म्हणून पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. वर पत्र्याची गळती नसावी. पावसाळ्यात तीन-तीन महिन्यांची पेंड भरून ठेवू नये. पंधरा दिवसांपुरती आणावी आणि जुने पोते आधी संपवावे. मका बारा-तेरा टक्के ओलाव्यापर्यंत आणि शेंगदाणा सात-आठ टक्क्यांपर्यंत वाळवूनच साठवावा. भिजलेला कडबा गंजीत घालू नये. मुरघास दाबून हवाबंद करावा, आणि उघडल्यावर वरचा काळा-हिरवा थर काढून टाकावा.

पेंडीला बुरशी आली की काहीजण ती उन्हात वाळवतात, झटकतात आणि चांगल्या पेंडीत मिसळून घालतात. उन्हाने बुरशीची वाढ थांबते, पण आधी तयार झालेले विष पेंडीतच राहते. अशी पेंड दुभत्या जनावराला तर नकोच, वासरालाही नको; वासरांना ती जास्त बाधते. ती खतात पुरावी. विष धरून ठेवणारी खास माती, म्हणजे 'टॉक्सिन बाइंडर', खाद्यात मिसळण्यासाठी मिळते. ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरावी. पण ती कुजक्या पेंडीचा परवाना नव्हे.

यात शेतकऱ्याचाही स्वार्थ आहे. असे खाद्य खाणाऱ्या जनावराची भूक मंदावते, दूध घटते, यकृत खराब होते. पोत्यामागे वाचवलेले पैसे कॅनमधून निघून जातात.

स्वयंपाकघरात काय करावे?

आता पुन्हा त्या लहान मुलीच्या घरी जाऊ. घर दवाखान्यापासून जवळच, ओंकारेश्वराच्या बाजूला. चार दिवसांनी मुलीची आजी स्वतः आल्या. हातात पिशवी होती. बोलता बोलता पाहिले, तर पिशवीत दोन शिळ्या भाकरी आणि हिरवे ठिपके पडलेला अर्धा पाव.

"आजी, हे कुठे चाललंय?"

"गाईला घालते रे. टाकायचं कशाला? अन्न आहे ते. तेवढंच पुण्य."

सूनबाईंनी बुरशीच्या भीतीने मुलीचे दूध बंद केले होते आणि सासूबाई रोज सकाळी बुरशीचा पाव गाईला घालत होत्या. दोघींच्याही मनात मायाच होती. मी आजींना एवढेच सांगितले, "जे आपण नातीला देणार नाही, ते गाईलाही देऊ नये. तिच्या दुधातून ते कोणाच्या तरी नातीकडेच जाणार." आजींना ते पटले. ताजी भाकरी घालावी, नाहीतर मूठभर चारा घालावा. पुण्य कमी होत नाही. पाव-भाकरीवरची प्रत्येक बुरशी अफ्लाटॉक्सिनच बनवते असे नाही, पण डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. म्हणून नियम सरसकट पाळावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दुधातून येणारे एम-१ सौम्य आणि अल्प; पण शेंगदाणे, मका, सुके खोबरे, लाल मिरची यांतून मूळ बी-१ थेट पोटात जाऊ शकते. आपल्याकडे कोशिंबीर, उसळ, खिचडी, चटणी, सगळ्यांत दाण्याचे कूट. ते कूट कसल्या दाण्यांचे आहे, हे पाहिले पाहिजे. दाणे निवडून घ्यावेत. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे, फुटके, कडवट दाणे काढून टाकावेत. भाजल्याने विष थोडे कमी होते, संपत नाही. एखादा दाणा कडू लागला तर गिळू नये, थुंकून टाकावा. कूट महिनाभराचे करून ठेवू नये. आठवड्यापुरते करावे आणि कोरड्या बरणीत ठेवावे. बाजारातून तयार कूट आणले तर त्यात कसले दाणे गेले ते कळायला मार्ग नसतो. निवडून काढलेले खराब दाणे मात्र कृपा करून गाईच्या पाटीत टाकू नका!

आणि तिसरी गोष्ट म्हणजे हिपॅटायटिस बी ची लस. अफ्लाटॉक्सिन आणि हा विषाणू एकत्र आले की धोका साठपट होतो, हे वर पाहिले. दुधातला एम-१ आपण घरी काढू शकत नाही, पण हा जोडीदार नक्की दूर ठेवू शकतो. सरकारी लसीकरणात ही लस मोफत आहे. जन्मल्यावर २४ तासांच्या आत पहिला डोस, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. ज्या मोठ्या माणसांनी घेतली नसेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून रक्त तपासून तीन डोस पुरे करावेत. घरात कोणाला हिपॅटायटिस बी असेल तर इतर सर्वांनी हे टाळू नये. यकृताला दारूपासून दूर ठेवावे, हे वेगळे सांगायला नकोच.

त्या आईला मी काय सांगितले?

दूध पुन्हा सुरू करा. या वयाच्या मुलीला दिवसाला दोन कप, म्हणजे चारशे-पाचशे मिलिलिटर, पुरे. त्याहून जास्त पाजले तर पोट दुधानेच भरते आणि मूल जेवत नाही. उरलेली भूक वरण-भात, भाकरी, अंडे, डाळ, भाजी, फळ यांनी भागवा. चहा आणि बिस्किटे बंद. दूध एक उकळी आणून घ्या, आटवू नका. दाण्याचा लाडू द्यायचा तर दाणे निवडून. आणि लसीकरणाचे कार्ड घेऊन या. कार्डात हिपॅटायटिस बी चे सगळे डोस झालेले होते, ते पाहून मला बरे वाटले.

त्या बाईंनी एक प्रश्न विचारला, तो इथे नमूद करतो. "डॉक्टर, पण आमच्याच पिशवीत ते विष असेल तर?" मी म्हटले, "असू शकेल. सतरा-अठरा नमुन्यांत एक मर्यादेबाहेर निघाला होता. पण तुमच्या मुलीला दुधातून मिळणारी प्रथिने आणि कॅल्शियम रोज लागतात, आणि ती बंद झाल्याची इजा मला आज काट्यावर दिसते आहे. धोका दोन्हीकडे आहे, पण सारखा नाही."

ग्राहक म्हणून आपण आणखी एक गोष्ट करू शकतो. आपल्या दूध संघाला, डेअरीला विचारावे की तुम्ही अफ्लाटॉक्सिन एम-१ ची तपासणी करता का, आणि किती दिवसांनी? फॅट किती लागली हे आपण विचारतो, मग हे विचारायला काय हरकत आहे? दूध घालणाऱ्यांनीही खाद्य विकत घेताना पोत्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आहे का, ते पाहावे. विचारणारे वाढले की तपासणी वाढते, तपासणी वाढली की चांगल्या पेंडीला मागणी येते. दुधातले विष कमी होण्याचा रस्ता हाच आहे, कारण एकदा ते दुधात उतरल्यावर ना गवळी ते काढू शकतो, ना आपण.

ती मुलगी दोन महिन्यांनी पुन्हा आली. वजन सातशे ग्रॅमने वाढले होते. आजी बरोबर होत्या. पिशवी रिकामी होती, मी मुद्दाम पाहिले.

थोडक्यात लक्षात ठेवा
• मुलांचे दूध भीतीने बंद करू नका. एक उकळी आणून द्या. त्याने जंतू मरतात, बुरशीचे विष जात नाही.
• बुरशी आलेला पाव, भाकरी, पेंड, दाणे जनावराला घालू नका.
• पेंड कोरडी, जमिनीपासून उंच आणि थोड्या दिवसांपुरतीच ठेवा.
• शेंगदाणे निवडून वापरा. कडू दाणा थुंकून टाका.
• बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी ची लस द्या.